तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या रायफलीचं मोल

"सर, घरात जुनी बावीस बोअरची रायफल आहे. किती येतील?" नाशकात नेमबाजी शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न सारखा येतो. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेल्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून तर जास्तच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ती कोण आहे ते ओळखू, पैशाचं मग.

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या एका काकूंनी बोलावलं. काका गेल्यावर त्यांनी रायफल रीतसर शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली होती, म्हणून तिथेच बघितली. अॅक्शनवर, म्हणजे गोळी भरून झाडणाऱ्या यंत्रणेवर, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचा छाप होता, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची. बोल्ट नाही, खालचा लिव्हर ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक खाली जातो, म्हणजे मार्टिनी पद्धतीची. बाजूला 'इंटरनॅशनल' हे मॉडेलचं नाव कोरलेलं. या रायफली 1950 पासून आल्या, पण ही कोणत्या घडणीची? मी बॅरल, म्हणजे नळी, आणि पुढच्या लाकडाच्या मधून शंभराची नोट सरकवली, ती कुठेही न अडकता मागपर्यंत गेली. बॅरल मोकळं सोडलेलं होतं, म्हणजे 1959 च्या मार्क थ्रीची किंवा त्यानंतरची घडण. जर्मन अॅन्शुत्झ असती तर काम आणखी सोपं: उल्म या जर्मन शहरात झालेल्या सरकारी चाचणीचा हरणाच्या शिंगाचा ठसा आणि शेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे सांगणारी दोन अक्षरं. ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, जे गाळून के म्हणजे 9. एच-एफ असेल तर 1975.

खरी किंमत मात्र नळीत असते. बावीसची नळी गोळ्या झाडून सहसा झिजत नाही. ती गंजते, नाहीतर तोंडाकडून रॉड घालून पुसणाऱ्याच्या हातून बिघडते. प्रकाशासमोर धरून आतून बघावं. एखादी काळपट कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते. चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीच्या, कडेला पिनचा खड्डा असेल तर कुणीतरी गोळी न भरताच चाप ओढत बसलेलं आहे. काकूंच्या रायफलीची नळी आरशासारखी होती. खालच्या अंगाला मात्र गंज धरला होता, कारण ती वर्षानुवर्षं फोमच्या पेटीत पडून होती आणि फोम आपल्याकडच्या पावसाचं पाणी धरून ठेवतो. तो गंज घासून चमकवू नका, असं मी हात जोडून सांगतो. माझ्या पहिल्या रायफलीचं एका कारागिराने पॉलिश करताना अंक आणि ठसे पुसून टाकले, ते मला आजही लागतं.

किमतीचं सांगायचं तर परदेशी लिलावाचे आकडे इथे चालत नाहीत. आपल्याकडे आयात आवळलेली आहे, पण त्यामुळे भाव चढतो तो पिस्तुलांचा. एकेक गोळी भरायची ही जड रायफल संरक्षणासाठी कुणी घेत नाही आणि स्पर्धक नव्या घडणीची मागतो. त्यात शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने साधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, मग तिसरी म्हणून हीच आधी घराबाहेर पडते. परवाना असलेला आणि हिची ओढ असलेला माणूस भेटला तरच नीट भाव येतो. तेव्हाही तो पहिल्यांदा विचारतो, "मागची साइट आहे का?" म्हणजे नेम धरायला डोळा लावायचं बारीक भोक असलेला भाग. पार्कर-हेल या कंपनीची मूळ साइट नसली की ती बाहेरून मिळवणं फार अवघड जातं.

काकूंच्या रायफलीवर ती नव्हती. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. शिवणाच्या डब्यात, बॉबिनांखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेली साइट सापडली होती. दुकानात मी ती बसवली, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल टेबलावर ठेवली. काकूंनी वाकून त्या बारीक भोकाला डोळा लावला. बराच वेळ तशाच राहिल्या.

"हे असं दिसायचं होय त्यांना," त्या म्हणाल्या.