एजंट नक्की कुणाचा? मुलुंडमध्ये घर घेतानाचा माझा अनुभव

आम्ही मुलुंड पूर्वेला रीसेलमध्ये वन बीएचके शोधत होतो. मालकांच्या चाव्या ज्या एजंटकडे, तोच आम्हाला घरं दाखवत फिरायचा. माणूस वेळेचा पक्का, बोलायला चांगला. "ताई, काळजी करू नका, मी तुमच्याच बाजूने आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एका घरात आम्ही आतली खोली बघत असताना तो हळूच म्हणाला, "मालकांना पैशांची घाई आहे. जरा ताणून धरा, खाली येतील." माझा नवरा खूश झाला, मला मात्र धास्तीच वाटली. मालकांची अडचण हा आम्हाला सांगतोय, तर आमची त्यांना सांगणार नाही कशावरून? आमचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं होतं. कर्ज किती मंजूर झालंय, हेही तो सारखं विचारत होता.

खाली उतरल्यावर मी सरळ विचारलं, "दादा, ब्रोकरेज कुणाकडून घेणार?"

"दोन्हीकडून, एक-एक टक्का. मुंबईत असंच चालतं, ताई."

चालतं खरं, आणि त्याने ते लपवलं नाही याचं मला आजही बरं वाटतं. पण दोघांकडून पैसे घेणारा माणूस किमतीसाठी एकाच्या बाजूने कसा भांडणार? त्याला हवा असतो तो सौदा, आणि तोही लवकर. आम्ही दोन लाख जास्त मोजले तर त्याला दोन्ही बाजूंचे मिळून चार हजार जास्त मिळणार. आमचे मात्र दोन लाख जाणार.

त्यानंतर कर्जाचा आकडा आम्ही शेवटपर्यंत सांगितला नाही. जी ऑफर द्यायची तेवढाच आकडा त्याच्या कानावर घालायचो. तो कुणाकडून किती घेणार, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितलं आणि त्याने दिलं. किंमत ठरवायला मालकांसोबत समोरासमोर बसलो, एजंटही होता. ते गृहस्थ अतिशय सरळ निघाले. बोलणी एका बैठकीत झाली.

वकिलाचं मात्र मी अजिबात सोडलं नाही. एजंटचा नेहमीचा वकील दोन्ही बाजूंचे कागद करणार होता, "तेवढीच फी वाचेल" म्हणून. आम्ही स्वतःचा वकील केला. त्याने आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतल्या सभासदत्वाचा कागद), सोसायटीची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आणि मालकांच्या कर्जाचं बँकेचं पत्र मागितलं. ते सगळं पाहून झाल्यावरच टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिली.

मधल्या काळात भांडुपला एक नवा प्रकल्पही पाहिला होता. तिथे नेणारा म्हणाला, "तुम्हाला ब्रोकरेज शून्य." त्याला कमिशन बिल्डर देणार होता, म्हणजे तो काम बिल्डरचं करत होता. यात गैर काही नाही, पण "या मजल्याला दर कमी पडेल का" हे विचारायचा माणूस तो नव्हे. २०१६च्या रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला एजंटची स्वतःची नोंदणी लागते. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. खरेदीदाराला प्रकल्पाची जी माहिती आणि कागदपत्रं मिळायला हवीत, ती बुकिंगच्या वेळी मिळवून देणं हेही त्याचं काम आहे. त्याचा नोंदणी नंबर महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर तपासता येतो. तो जरूर तपासावा, पण नंबर आहे म्हणून तो आपला वकील होत नाही.

आमच्या एजंटने अर्धं ब्रोकरेज टोकनच्या दिवशी मागितलं. मी म्हटलं, "दादा, रजिस्ट्रेशन होऊ दे, त्याच दिवशी पूर्ण देते." थोडी कुरकुर करून तो तयार झाला. दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर पडल्यावर ठरलेला एक टक्का त्याच्या खात्यात भरला आणि पावती घेतली. मालकांनीही त्यांचा वाटा तिथेच आमच्यासमोर दिला.