आमची वाटचाल: दुरुस्तीच्या कामापासून चंद्रकोरीच्या बेसपर्यंत

गिटार आणि बेस गिटार घडवणाऱ्या आमच्या कार्यशाळेची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. झिजलेले फ्रेट (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलणे, ट्रस रॉड (नेकमधील धातूची सळई) फिरवून नेकचा, म्हणजे वाद्याच्या लांब दांडीचा, बाक जुळवणे, नवा नट (नेकच्या टोकाशी तारा टेकवणारी खाचांची पट्टी) कोरून बसवणे, खरखरणारे पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांमागचे भाग) साफ करणे ही कामे आजही आमच्याकडे चालतात आणि महिन्याचा बराचसा खर्च त्यांच्यावरच भागतो. या कामांमुळे निरनिराळ्या बनावटीची वाद्ये आतून पाहायला मिळाली, शिवाय कोणता आकार वादकाला कोठे सलतो हेही त्याच्याच तोंडून कळत गेले. बेस, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येई: पट्टा खांद्यावर घेतला की नेक खाली झुकतो आणि डाव्या हाताचे निम्मे बळ तो सावरण्यातच जाते.

म्हणूनच एका वादकाने चंद्रकोरीच्या आकाराच्या चार तारांच्या बेसचे रेखाचित्र समोर ठेवले, तेव्हा आमचे लक्ष सर्वप्रथम कोरीच्या वरच्या टोकाकडे गेले. ते फारच आखूड होते. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला, त्याची स्केल लांबी, म्हणजे नटपासून बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतचे अंतर, 34 इंच होती आणि आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. त्याच्या बॉडीचे पुढे आलेले वरचे टोक, म्हणजे शिंग, बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचते व पट्ट्याचे बटण तेथे बसते. ते शिंग शोभेचे आहे असा अनेकांचा समज असला, तरी तोल साधण्यात त्याचा वाटा मोठा असतो. गिब्सनची 1958 मधील फ्लाइंग व्ही किंवा 1963 मधील थंडरबर्ड बेस यांसारख्या देखण्या, धाडसी आकारांत बटण बॉडीच्या दिशेने मागे सरकते, आणि थंडरबर्डचे नेककडचे झुकणे तर वादकांमध्ये सर्वश्रुत आहे. गिटारपेक्षा बेसचा नेक लांब आणि खुंट्या मोठ्या असल्यामुळे बटण थोडे मागे गेले तरी फरक लगेच जाणवतो.

आम्ही रेखाचित्र परत केले नाही. प्लायवुडमधून पूर्ण मापाचा नमुना कापला, त्यावर एक जुना नेक खुंट्यांसह बसवला, ब्रिज आणि पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे लोखंडी तुकडे पेचाने आवळले आणि वादकाच्या खांद्यावर पट्टा दिला. त्याने दोन्ही हात सोडताच हेडस्टॉक, म्हणजे नेकचे खुंट्यांकडचे टोक, थेट गुडघ्याच्या दिशेने गेला. मग वरचे टोक थोडे थोडे वाढवत, बटणाची जागा बदलत आणि ब्रिज बॉडीच्या मागच्या कडेकडे सरकवत नमुना पुन्हा पुन्हा टांगून पाहिला. ब्रिज मागे नेला की सबंध नेकही त्याच्याबरोबर मागे येतो, पहिला फ्रेट हाताच्या जवळ येतो आणि बटण आपोआप बाराव्या फ्रेटच्या जवळ जाते. हा उपाय कागदावर फारसा दिसत नाही, खांद्यावर मात्र चटकन कळतो. हेडस्टॉकच काढून टाकण्याचा मार्गही होता. 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी खुंट्या ब्रिजकडे नेऊन तो लोकप्रिय केला. आमच्या वादकाला हेडस्टॉक हवाच होता, तेव्हा हलक्या खुंट्यांवर तडजोड झाली. कोरीची आतली बाजू मांडीवर नेमकी बसली, हा या आकाराचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

लाकडाचा प्रश्न याहून नाजूक होता. बॉडीच्या लाकडातील रेषा नेकच्या दिशेने धावतात, पण कोरीचे टोक वळते तेथे त्याच रेषा टोकाला आडव्या छेदतात आणि एवढ्या अरुंद जागी लाकूड एका धक्क्यात तुटू शकते. त्यामुळे बॉडी एकसंध फळीतून न कापता मधला थर आडव्या रेषांचा ठेवून तीन थर चिकटवले आणि टोकांची धार बोथट केली. वादकाला टोके सुईसारखी हवी होती. यावर बराच वाद झाला. आमच्या मते वाद्य रंगमंचावर एकदा आपटणारच, आणि ते धरूनच ते घडवायला हवे. जोडणी, तांब्याच्या पत्र्याचे अस्तर आणि रंगकाम नेहमीच्या पद्धतीने पार पडले.

त्या कामानंतर वेगळ्या आकाराची मागणी घेऊन येणारे वाढले आणि आमची कामाची रीतही ठरत गेली. स्केल लांबी, ब्रिजपाशी तारांमधील अंतर, पिकअपची जागा आणि वजनाची कमाल मर्यादा लेखी ठरल्याखेरीज आणि टांगलेला नमुना ग्राहकाने स्वतः पसंत केल्याखेरीज लाकडाला करवत लागत नाही. पेटीचा खर्चही आरंभीच सांगतो, कारण असे वाद्य तयार पेटीत मावत नाही आणि त्याच्या मापाची पेटी वेगळी बनवून घ्यावी लागते. सध्या एका पाच तारांच्या बेसचा नमुना टांगलेला आहे. त्यातील खालची बी तार सुमारे 31 हर्ट्झवर वाजते, ती सैल पडू नये म्हणून स्केल 35 इंचांचे घेतले आहे, आणि त्या वाढीव इंचामुळे तोलाचे गणित पुन्हा मांडणे चालू आहे.