निकोसियातली दोन वर्षं आणि डोंगरापलीकडचं पाणी

"घराचा फोटो काढायचा नाही. घर शोधायचंही नाही. सरळ वर चढत जायचं, झऱ्याला पाणी आहे का तेवढं बघायचं आणि परत यायचं."

माझ्या घरमालकीणबाई मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता हे बोलल्या. त्यांचं गाव लापिथोस. निकोसियातल्या, म्हणजे सायप्रसच्या राजधानीतल्या, आमच्या घरापासून फार तर तासा-दीड तासावर. 1974 च्या उन्हाळ्यात त्या तिथून निघाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर एकदाही परत गेल्या नव्हत्या.

मी 2018 च्या सप्टेंबरात एम. ए. करायला सायप्रसला गेले आणि दोन वर्षं राहिले. अभ्यास झाला, प्रबंध झाला, पदवी मिळाली. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हे सगळं लिहितेय ते त्या पाण्यासाठी.

थोडा इतिहास सांगावाच लागेल. सायप्रस 1960 साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. 1963 च्या डिसेंबरात ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमध्ये रक्तपात सुरू झाला, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच ग्रीन लाइन. 1974 च्या जुलैत ग्रीसमधल्या लष्करी राजवटीने इथलं सरकार उलथवलं, पाचच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि शहरातली ती रेघ बेटभर 180 किलोमीटर पसरली. दक्षिणेकडचे तुर्की सायप्रियट उत्तरेत गेले, उत्तरेकडचे दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट दक्षिणेत आले. दक्षिणेत सायप्रस प्रजासत्ताक, युरोपीय संघाचा सदस्य, चलन युरो. उत्तरेत 1983 साली जाहीर झालेलं आणि एकट्या तुर्कस्तानने मान्य केलेलं राज्य, चलन लिरा. मधल्या पट्ट्यात संयुक्त राष्ट्रांचे शिपाई.

जुन्या निकोसियाला व्हेनिसवाल्यांनी बांधलेला गोल तट आहे. त्याला अकरा बुरूज. पाच दक्षिणेत, पाच उत्तरेत आणि एक मधल्या पट्ट्यात, कुणाचाच नाही. मी राहायचे ती गल्ली मातीने भरलेल्या पिंपांपाशी संपायची. पिंपांवर काटेरी तार, तारेमागे पडकी घरं, आणि त्या घरांमधून बिनधास्त ये-जा करणारी मांजरं. दुपारी चर्चची घंटा आणि तारेपलीकडची अजान कधी कधी एकदमच ऐकू यायची. दोन्हीकडे गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. दोन्हीकडे तेच तीन पिनांचे प्लग, तीच छोट्या कपातली गाळ बसलेली कॉफी. इकडे ती ग्रीक, तिकडे ती तुर्की. मी सुरुवातीला एकदा चुकीच्या बाजूला चुकीचं नाव घेतलं होतं. समोरच्या माणसाचा चेहरा असा पडला की पुन्हा ती चूक केली नाही.

मला सगळ्यात आवडलेली हकीकत भुयारी गटारांची आहे. शहर दुभंगलं तरी मैलापाणी उताराच्या दिशेनेच जाणार. 1978 मध्ये दोन्ही भागांच्या महापौरांनी, लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा आकिंजी यांनी, मिळून ठरवलं की गटारयोजना एकच राहील. मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प उत्तरेत आहे. ज्या काळात माणसांना रेघ ओलांडायची मुभा नव्हती, त्या काळात हे दोघं अभियंत्यांना घेऊन नळ जोडत होते. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

माझी खोली हिवाळ्यात भयंकर गार असायची. फरशी संगमरवरी, भिंती पातळ, आणि गॅसचा हीटर दिवसातून दोनच तास. भूमध्य समुद्रातलं बेट म्हणून सुती कपडे भरून येणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, दोन रजया आणा. पण त्या खोलीची गच्ची उत्तरेकडे होती. समोर पेंतादाक्तिलोस, पाच बोटांचा डोंगर. त्याच्या निकोसियाकडच्या उतारावर उत्तरेतल्या राज्याचा अवाढव्य झेंडा रंगवलेला आहे आणि रात्री तो दिव्यांनी उजळतो. बाई अंधार पडायच्या आत उत्तरेकडच्या खिडक्यांच्या झडपा लावून घ्यायच्या. लापिथोस त्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. त्यांना रोज दिसायची ती आपल्या गावाच्या डोंगराची पाठ, आणि त्या पाठीवर तो झेंडा.

2003 च्या एप्रिलात रेघ ओलांडायची नाकी उघडली तेव्हा हजारो लोक रांगा लावून आपापली घरं बघायला गेले. बाई गेल्या नाहीत. मी त्यांना किरिया म्हणायचे, आपल्याकडे बाई म्हणतात तसं. एकदा धीर करून विचारलं, "किरिया, का नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "माझ्याच घरी जायला मी पासपोर्ट दाखवू?" त्यांच्या नातीच्या शाळेच्या वहीवर उत्तरेतल्या गावाचं चित्र आणि खाली 'देन क्सेख्नो', म्हणजे 'मी विसरत नाही', असं छापलेलं होतं. नात त्या वहीत गुणाकार करायची.

आणि मी? मी इंदापूर तालुक्यातली पोरगी. ना ग्रीक ना तुर्की. लेद्रा स्ट्रीटच्या नाक्यावर पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना दाखवला की दोन मिनिटांत पलीकडे. किरिया जाणार नाहीत तिथे मी कॉफी प्यायला जात होते. सुरुवातीला मजा वाटली. नंतर नाक्यावर सेल्फी काढणाऱ्या पर्यटकांचा राग येऊ लागला. 'शेवटची विभागलेली राजधानी' अशी पाटी दिसली की तिच्याखाली हसत उभे राहतात. तिथून दहा पावलांवर कुणाचं तरी दुकान 1963 पासून बंद पडलेलं आहे.

पलीकडे माझी एक मैत्रीण होती, लातूरची. उत्तरेतल्या एका विद्यापीठात फार्मसी शिकत होती. तिच्या एजंटने 'सायप्रस, म्हणजे युरोप' एवढंच सांगितलेलं. वडिलांनी कर्ज काढलं, घरी पेढे वाटले. आपण कुठे चाललोय ते तिला इस्तंबूलला विमान बदलताना कळलं. ती उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरली. प्रजासत्ताकाच्या लेखी एर्जानवरून बेटावर येणं हाच बेकायदा प्रवेश, त्यामुळे आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याला तिथून दक्षिणेत पाऊल टाकता येत नाही. मी तिच्याकडे जाऊ शकायचे, ती माझ्याकडे कधीच नाही. संध्याकाळी ती मला नाक्यापर्यंत सोडायला यायची आणि वाकून माझ्या बाजूचा रस्ता बघायची. "तिकडं काय काय हाय गं?" असं दर वेळी विचारायची. सायप्रसला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना माझं हात जोडून सांगणं आहे. तिकिटावर उतरायचा विमानतळ कोणता लिहिलाय ते वाचा. लार्नाका आणि पाफोस म्हणजे दक्षिण, एर्जान म्हणजे उत्तर. एजंट हे सांगत नाही.

तर 2019 च्या एप्रिलात किरियांनी पाण्याचं काढलं. त्या हिवाळ्यात सायप्रसमध्ये पाऊस इतका झाला की कूरिसचं मोठं धरण भरून वाहिलं. टीव्हीवर तेच दाखवत होते. ते बघून त्या म्हणाल्या, "आता केफालोव्रिसोला, आमच्या गावच्या झऱ्यालाही, पाणी असेल." आणि मग ते घराचा फोटो नको, घर शोधू नको.

मी लगेच हो म्हटलं. माझ्या आजीचं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. दुष्काळात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, मग गाड्या भरून लोक बघायला जातात. आजी कधीच गेली नाही. आजीला असं काही विचारायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

लातूरकरणीला बरोबर घेतलं, कारण तिला तुर्की येत होतं. निकोसियाहून समुद्रकाठच्या गिर्ने शहरापर्यंत आणि तिथून पुढे लाप्ता, म्हणजे लापिथोस, असा दोलमुशने प्रवास. दोलमुश म्हणजे शब्दशः 'भरलेली'. आपलं वडाप. खिंड ओलांडली की एकदम खाली समुद्र दिसतो. त्या क्षणी मला वाटलं, हे किरियांनी बघायला हवं होतं. लगेच लक्षात आलं की त्यांनी माझ्या जन्माआधी कितीतरी वेळा बघितलंय.

लाप्ता समुद्रापासून डोंगराच्या अंगावर चढत गेलंय. आम्ही चढत होतो. लिंबाच्या बागा, दगडी भिंती, एका चर्चचा बंद दरवाजा. प्रत्येक जुन्या घराशी माझी मान आपोआप वळायची आणि मी ती पुन्हा सरळ करायची. मैत्रीण म्हणाली, "बघ की गं, त्यास्नी कुठं कळतंय?" मी बघितलं नाही. शब्द दिला होता.

वाटेत विचारत गेलो तर केफालोव्रिसो कुणाला माहीत नव्हतं. शेवटी एका बाईने म्हटलं, बाशपिनार का? मैत्रीण जागच्या जागी थांबली. "बाश म्हणजे डोकं, पिनार म्हणजे झरा." माझ्या मोडक्या ग्रीकमध्ये केफाली म्हणजेही डोकं आणि व्रिसी म्हणजे झरा. नवीन लोकांनी गावाच्या माथ्यावरच्या त्या झऱ्याचं नाव आपल्या भाषेत घेतलं होतं, अर्थ तसाच ठेवून.

पाणी होतं. मैत्रिणीने त्यात दोन्ही हात घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत. म्हणाली, "आमच्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आठ-आठ दिवस मी घागरी घेऊन लाईनीत उभी ऱ्हायले." जवळच एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी केफालोव्रिसो म्हटलेलं त्यांनी ऐकलं आणि चक्क ग्रीकमध्ये बोलायला लागले. पाफोसकडच्या एका गावातले. 1975 मध्ये इकडे आले, लहानपणी ग्रीक शेजाऱ्यांत वाढलेले. 2003 ला आपलं गाव बघून आले होते. "छप्पर पडलंय, अंजिराचं झाड घरात उगवलंय. नाही जायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. मग आमच्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. आम्ही कितीही नको म्हटलं तरी.

मी फोन पाण्याजवळ धरून दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड केला.

संध्याकाळी किरियांना ऐकवला. त्यांनी फोन कानाला लावला, पूर्ण ऐकला आणि परत दिला. "हे ते पाणी नाही. आमचं याच्यापेक्षा मोठं वाजायचं." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला रडू आलं. वाटलं, आपण उगाच गेलो, एका माणसाचं उरलंसुरलं गावही आपण लहान करून टाकलं.

पाच-सहा दिवसांनी रात्री दारावर टकटक झाली. अंगावर शाल, पायात सपाता. "कोरी मू, ते परत लाव." कोरी मू म्हणजे पोरी माझे. त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. दोन मिनिटं संपली, मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा चालू असताना त्या म्हणाल्या, "मंगळवारची रात्र. दोन ते चार आमची पाळी. बाबा कंदील घेऊन जायचे, मी मागून. पाणी बागेत शिरलं की आधी कोरड्या पानांचा आवाज यायचा."

मी थक्क झाले. रात्रीची पाळी, कंदील, दारं धरणं. हे तर आमच्या घरातलं. मी त्यांना सांगितलं, माझे वडील अजून रात्री उठून उसाला पाणी द्यायला जातात. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, "वीज येईल तेव्हा." त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग दोघी बराच वेळ पाण्यावरच बोललो. बांध कुणी फोडायचा, भांडणं कशी व्हायची, पाळी कोण चोरायचं. एक तुर्की शेजारी पाळी चोरायचा म्हणे, आणि ऐन उन्हाळ्यात स्वतःची पाळी द्यायचाही तोच. तो जिवंत आहे का हे त्यांना माहीत नव्हतं. मला जाऊन विचारून ये म्हणाल्या नाहीत.

पुढचं वर्ष भुर्रकन गेलं. 2020 च्या फेब्रुवारीत किरियांनी नारिंगाच्या सालींचं ग्लिको केलं. आपल्या मुरांब्यासारखं, पाहुण्याला चमच्यावर एक फोड देतात. एक बाटली माझ्या हातात ठेवली. "त्या पलीकडच्या मुलीला. तिने पाण्यात हात घातला ना?" मी म्हटलं, शनिवारी देते. तो शनिवार 29 फेब्रुवारी होता. साथीच्या भीतीने त्याच दिवशी लेद्रा स्ट्रीटचं नाकं बंद झालं, मग बाकीचीही झाली. माझ्या खोलीपासून तिची खोली चालत अर्ध्या तासावर. आम्ही फोनवर बोलत राहिलो. ती तिच्या बाजूच्या अडथळ्यापाशी येऊन उभी राहायची, मी माझ्या. मधे रिकामा रस्ता आणि दोन वळणं, त्यामुळे एकमेकींना दिसत नव्हतो.

त्या वर्षाच्या शेवटी दोघी घरी परतलो. मी लार्नाकाहून, ती एर्जानहून इस्तंबूलमार्गे. ती बाटली मी कपड्यांत गुंडाळून आणली. जानेवारीत एसटीने लातूरला गेले आणि तिच्या आईच्या हातात दिली. काकूंनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पाक लई सुरेख जमलाय बाईंचा." संध्याकाळी मी निघाले तेव्हा बाटली धुऊन, पुसून परत आली. आत लिंबाचं गोड लोणचं होतं. काकूंनी विचारलं, "त्यांच्याकडं लिंबं होती म्हणलीस ना? रिकामी कशी पाठवायची?"

बाटली सध्या माझ्याकडे आहे, झाकणाला मेण लावून ठेवलीय. ओळखीतली एक मुलगी सप्टेंबरात निकोसियाला शिकायला चाललीय. तिचं तिकीट मी स्वतः तपासलंय, लार्नाकाचं आहे.