दोन लेझर कशाला?

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवर, त्यातही आमच्या दोन लेझरवाल्या पद्धतीवर बोलायला कुठल्याही कॉलेजात गेले की शेवटी हा प्रश्न ठरलेला: "मॅडम, इलेक्ट्रोडवर चिकटलेले रेणूच बघायचेत ना? मग आमच्याकडे एफटीआयआर आहे की. दोन-दोन लेझर कशाला?" विचारणारे बहुधा तिथले सरच असतात आणि प्रश्नात थोडी खोचही असते. तो एफटीआयआर (रेणू कुठलं इन्फ्रारेड गिळतात ते मोजणारं यंत्र) मंजूर करून घेतानाच त्यांच्या नाकी नऊ आलेले असतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून, जरा सविस्तर.

अडचण पाण्याची आहे. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचा थर बसलाय, एका रेणूच्या जाडीचा. वर आम्लाचं द्रावण, त्यावर प्रकाश आत यायला पारदर्शक खिडकी. द्रावणाचा मधला पापुद्रा २५ मायक्रोमीटरचा ठेवला तरी त्यातले पाण्याचे रेणू प्लॅटिनमच्या वरच्या थरातल्या अणूंच्या पन्नास हजार पटींहून जास्त भरतात आणि इन्फ्रारेड गिळायला सगळे टपलेले! एफटीआयआरवाले यावर युक्ती करतात. दोन वेगवेगळ्या व्होल्टेजला स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती प्रकाश, याचा आलेख) घ्यायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. जे बदललं नाही ते उडून जातं. पद्धत उत्तम आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त हाती येतो तो फरक, मूळ चित्र नव्हे.

आमच्या पद्धतीचं नाव सम फ्रिक्वेन्सी जनरेशन. एक लेझर इन्फ्रारेड, ४.८३ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडच्या कंपनाला जुळणारा. दुसरा ८०० नॅनोमीटरचा. दोन्हींच्या अगदी क्षणिक झपकाऱ्या (पल्स) एकाच ठिपक्यावर, एकाच क्षणी पडल्या पाहिजेत. पडल्या, की दोन्हींच्या फ्रिक्वेन्सींची बेरीज होऊन तिसरा प्रकाश निघतो, ६८६ नॅनोमीटरचा, लाल. आत सोडलेल्यांपैकी कुणाचाच हा रंग नाही, म्हणून ८००चा प्रकाश फिल्टरने अडवला की कॅमेऱ्यापर्यंत फक्त तोच पोचतो.

आणि तो पाण्यातून येत नाही, यातच सगळी गंमत आहे. जत्रेतल्या गर्दीत माणसांची तोंडं दहा दिशांना असतात, दर्शनाच्या रांगेत मात्र सगळ्यांची गाभाऱ्याकडे. द्रावणातले रेणू जत्रेतले: एकाने दिलेली बेरीज उलट्या तोंडाचा दुसरा पुसून टाकतो. प्लॅटिनमच्या आतली स्फटिकरचनाही सममित, तीही गप्प. समतोल मोडतो तो फक्त सीमेवर; तिथे चिकटलेले रेणू दर्शनाच्या रांगेतले.

हा प्रकार मुळात १९६१चा. मिशिगनमध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा एक पुसट ठिपका मिळवला; त्याच फ्रिक्वेन्सीची स्वतःशीच बेरीज. तो लेख छापताना ठिपका म्हणजे डाग समजून काढून टाकला गेला, असं सांगतात. छापलेल्या चित्रात बाण आहे, ठिपका नाही. पुढे बर्कलेत वाय. आर. शेन यांच्या गटाने १९८१ मध्ये चांदीच्या इलेक्ट्रोडवरचं पिरिडीन याच दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या प्रकाशाने पकडलं, १९८७ मध्ये बेरजेच्या पद्धतीने रेणूंची कंपनं मोजली. गियो-सिओने आणि ताजेदिन या संशोधकांनी १९९०च्या सुमारास ती इलेक्ट्रोडवर आणली.

प्रयोगात मला सगळ्यात आवडतो तो भाग सांगते. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. कार्बन मोनॉक्साइडचं शिखर २०७० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या लहरींची संख्या) आसपास असतं, ते सरकायला लागतं, दर व्होल्टला सुमारे ३० वेव्हनंबर. धातूलगतच्या त्या इवल्याशा अंतरात विद्युतक्षेत्र मीटरमागे अब्ज व्होल्टच्या घरात असतं, रेणूचा बंध त्याला दाद देतो. आणखी वाढवलं की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो निघून जातो आणि शिखर पडद्यावरून नाहीसं होतं. फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम ज्या विषाने निकामी होतं, ते सुटताना असं दिसतं.

आता या पद्धतीबद्दलची कुरकुर. इन्फ्रारेडला पाणी ओलांडायची कटकट दोन लेझर आले म्हणून सुटत नाही. इलेक्ट्रोड कॅल्शियम फ्लोराइडच्या प्रिझमला जवळजवळ टेकवावाच लागतो. इन्फ्रारेड आणि रामन (विखुरलेल्या प्रकाशावरून कंपनं ओळखायची पद्धत) या दोन्हींत दिसणारं कंपनच इथे दिसतं. सिग्नल रेणूंच्या संख्येच्या वर्गात चालतो, त्यामुळे साधारण निम्मे रेणू उरले तर पाव सिग्नल. आणि विद्यार्थ्यांना मी पुनःपुन्हा सांगते ते हे, की सिग्नल नाही म्हणजे रेणू नाहीत असं मुळीच नव्हे. ते आडवे झोपले असतील, किंवा अर्धे इकडे, अर्धे तिकडे तोंड करून बसले असतील. सोन्यावर तर वेगळाच त्रास: सोनं स्वतःच इतका प्रकाश देतं की रेणूचं शिखर खड्ड्यासारखं दिसतं. मग ८००ची झपकारी किंचित उशिरा पाठवायची. तोवर सोनं शांत झालेलं असतं, रेणू मात्र अजून थरथरत असतो.

पुढचा प्रश्न असतो, "मग आम्हीही घ्यावं का?" माझं उत्तर: सध्या नको. आहे त्या एफटीआयआरला सिलिकॉनचा प्रिझम जोडा, त्यावर वीसेक नॅनोमीटरचा खडबडीत सोन्याचा थर चढवा. जपानमध्ये ओसावा या संशोधकांनी रुळवलेली पद्धत आहे. इन्फ्रारेड मागून, प्रिझममधून येतं. पाणी वर कितीही असो, ओलांडावं लागत नाही, आणि थराचा खडबडीतपणा सिग्नल वाढवतो. सोनं चढवायचं काम बीकरमध्ये होतं. एमएससीच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणूनही देता येईल.