कार्डावरचा मित्र

नरतुरंग तारकासमूहातला मित्र तारा लोकांना दाखवणं हे माझं नेहमीचंच काम. दुर्बिणीवर रात्रपाळी लागली की टेप सुरू. अंतर 4.37 प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांना एक, दुर्बिणीतून दोन. हे जोडपं 1689 साली पाँडिचेरीत धूमकेतू बघणाऱ्या जाँ रिशो या जेझुइट पाद्र्याच्या लक्षात आलं. दोघं सुमारे 80 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. रांगेतल्यांसाठी मी एक कार्डही काढून ठेवलं होतं: मोठा पिवळा ठिपका, शेजारी छोटा नारिंगी, आणि पश्चिमेचा बाण.

मे 2023 मध्ये दहा-अकरा वर्षांची एक मुलगी स्टुलावर चढली. पश्चिम कुठली ते कळावं म्हणून मी दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी मोटर बंद केली. मोटर थांबली की तारे पश्चिमेकडे सरकत सरकत नजरेबाहेर जातात.

"काका, कार्ड चुकलंय."

"डोळा लावतो तिथल्या वाकड्या नळीत, डायगोनलमध्ये, आरसा असतो बाळा, डावं-उजवं उलटं दिसतं." हे उत्तरही पाठच.

तिने कार्ड उलटं करून माझ्या लाल टॉर्चसमोर धरलं. "उलटून बघितलं. तुमच्या कार्डात छोटा पुढे आहे, मग तो आधी जायला हवा ना? इथे दोघं बरोबरच जातायत."

मी डोळा लावला. तारे मधोमध आणले, मोटर बंद. दोघं एकदमच कडेला पोचले, एकदमच गेले. परत लावून बघितलं. तेच.

कार्डाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मे 2010.

तेरा वर्षांत छोटा पश्चिमेकडून पार उत्तरेला आला होता. दोघांमधलं दिसणारं अंतर तेव्हाही 7 विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) आसपास, आताही, त्यामुळे चित्र खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मधे 2016 च्या सुमाराला ते 4 विकलांवर आलं होतं, दोघांना वेगळं दाखवताना जीव जायचा. तेव्हा मी हवेला शिव्या घातल्या, दुर्बीण दोनदा कॉलिमेट केली, म्हणजे तिचे आरसे-भिंगं नीट एका रेषेत आणली. खरं तर ते जवळ येणंही दिसण्यापुरतंच, कारण त्यांची कक्षा आपल्याला बरीचशी कडेवरून दिसते. खरोखर सर्वांत जवळ ते 2035 मध्ये येतील, आणि तेव्हाही मधे सूर्य-शनीपेक्षा थोडं जास्तच अंतर असेल.

हे सगळं मला माहीत होतं, हो. "80 वर्षांत एक फेरी" हे वाक्य मी रोज रात्री म्हणत होतो, तेच कार्ड हातात धरून.

मागे रांग कुरकुरायला लागली. मुलीने मार्कर मागितला, नवा ठिपका काढला, शेजारी 2023 लिहिलं आणि जुना खोडायला घेतला.

"तो राहू दे," मी म्हटलं.