पद्मिनीचा सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही : माझा अनुभव

बाबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, तीच १०८९ सीसीची फियाट. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती आणि नंतर चालूच होईना. सेल्फ मस्त फिरतोय, इंजिनपण फिरतंय, पण एकदाही पकडत नाही. जवळच्या गॅरेजवाल्यांनी बोनेट न उघडताच सांगितलं, कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका. मला काही ते पटेना, कारण जुन्या गाडीत अंदाजाने पार्ट बदलत बसलं की पैसे जातात आणि फॉल्ट तिथल्या तिथेच राहतो.

सगळ्यात आधी प्लग काढले. चारही ओले, पेट्रोलचा वास येतोय. म्हणजे एसी पंप (टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचवणारा) पेट्रोल ओढतोय, कार्बोरेटर ते आत सोडतोय, फक्त जळत नाहीये. कार्बोरेटरचा विषय मी तिथेच बाजूला ठेवला. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं म्हणून तेवढं बदललं, तरी काही फरक नाही.

मग करंट. बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, म्हणजे ठीक. कॉईलची (बॅटरीचं व्होल्टेज स्पार्कसाठी वाढवते ती) मधली वायर डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा) कॅपमधून काढली आणि इन्सुलेशनवाल्या पक्कडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिमीवर धरून भावाला सेल्फ मारायला सांगितलं (नुसत्या हाताने धरू नका, जोरदार झटका बसतो, आणि आजूबाजूला उघडं पेट्रोल नको). स्पार्क पडत होता पण पिवळट, बारीक. इथेच बरेच जण फसतात, स्पार्क दिसतोय ना मग इग्निशन ओके म्हणतात. पण बाहेर हवेत स्पार्क पडणं सोपं असतं, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनखाली त्याला खूप जास्त व्होल्टेज लागतं आणि असा मरतुकडा स्पार्क तिथे पडतच नाही. निळा, कडक आवाज करणारा स्पार्क हवा.

कॅप काढून आत बघितलं तर पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) काळे पडलेले, एका बाजूला खड्डा आणि समोर छोटा उंचवटा. इग्निशन ऑन ठेवून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडला की तिथेच मोठी ठिणगी. यावरून कंडेन्सरचा संशय आला. पॉइंट उघडतो तेव्हा करंट तिथून उडी मारायला बघतो, तो कंडेन्सरने सामावून घ्यायचा असतो, तरच कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगला जोरदार व्होल्टेज मिळतं. कंडेन्सर मेला की ती ताकद पॉइंट जाळण्यात जाते. आणि तो आतून शॉर्ट झाला तर स्पार्कच येत नाही, आमच्याकडे बारीक का होईना येत होता म्हणजे तो शॉर्ट नव्हता, फक्त काम करत नव्हता.

पार्ट शोधायला मात्र फिरावं लागलं. मुंबईत फियाट टॅक्सी होत्या तोपर्यंत हे सामान कुठेही मिळायचं, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, आता ओळखीतूनच बघावं लागतं. एका जुन्या मिस्त्रींकडे कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट मिळाला. ते म्हणाले, "दोन्ही एकदम बदला, जळक्या पॉइंटवर नवा कंडेन्सर लावून उपयोग नाही."

पॉइंटचा गॅप लावताना प्लग काढलेलेच होते, गाडी टॉप गिअरला टाकली, भाऊ मागून हळूहळू ढकलतोय आणि मी पॉइंट उघडणाऱ्या डेल्कोतल्या कॅमकडे बघतोय, पॉइंट पूर्ण उघडला तिथे थांबवून फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पट्टीने) ०.४५ मिमी लावला. कॅप आतून कोरडी पुसली, रोटर साफ केला, प्लग वाळवून बसवले, वायरी १-३-४-२ या सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने परत बघून घेतल्या. पुन्हा तीच टेस्ट केली तर स्पार्क निळा आणि टक् टक् आवाज लांबून ऐकू येईल असा!

चोक ओढून सेल्फ मारला, थोडा काळा धूर टाकून इंजिन धरलं, चोक हळूहळू आत घेतला तसं आयडलिंगपण बसलं. कार्बोरेटर जुनाच आहे, त्याला हातही लावलेला नाही. गॅप बदलला की टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) थोडं सरकतं, ते मिस्त्रींकडून सेट करून घेतलं आणि त्याच दुपारी बाबांना बाजूला बसवून हायवेला चक्कर मारून आलो.