रात्री दीड वाजता फोन उचलणारे काका

मागच्या जानेवारीत माझे बाबा गेले. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी, रात्री दीडच्या सुमारास, झोपेतच. घरात मी, आई आणि मिसेस, आणि खरं सांगतो, आता आधी काय करायचं असतं हे तिघांनाही सुचत नव्हतं. आमच्या डॉक्टरांचा फोन बंद, दुसऱ्या एकाने "सकाळी पाहू" म्हणून ठेवूनच दिला. मग आई म्हणाली, घाटाच्या रस्त्यावर मयतीच्या सामानाचं दुकान आहे नं, त्या काकांना लाव, तुझ्या आजोबांच्या वेळी त्यांच्याच वडिलांनी सगळं केलं होतं.

दुसऱ्या रिंगलाच फोन उचलला. मला वाटलं सामानाचं विचारतील, तर पहिला प्रश्न, "नेत्रदान करायचं आहे का? सहा तासांच्या आत व्हायला पाहिजे. पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा." बाबांनी तसं बोलून ठेवलं होतं पण त्या घडीला आमच्यापैकी एकालाही आठवलं नव्हतं. आईनं लगेच हो म्हटलं. आय बँकेची टीम पहाटे येऊन गेली, बाबांचा चेहरा होता तसाच, झोपल्यासारखा.

मग काकांनी उंची विचारली. आणि जिना सरळ आहे की वळणाचा. हे मला तेव्हा विचित्रच वाटलं, पण बाबा सहा फुटी आणि आमचा जिना लाकडी, अरुंद, मधे वळण, तर काकांनी तिरडी वर बांधलीच नाही, खाली अंगणात बांधली, बाबांना चादरीत धरून कसं उतरवायचं ते चौघांना हळू आवाजात सांगत राहिले, डोकं कोणाकडे, पाय कोणाकडे. बांबू आमच्या मापाचेच आणले होते. मडकं, गोवऱ्या, कापूर, पांढरं कापड, गुलाल, तुळस, सगळं एका पोत्यात. आमच्या बोळीत शववाहिका शिरत नाही हेही त्यांना माहीत, म्हणून गाडी चौकातच उभी ठेवली होती.

सकाळी डॉक्टर आले. मृत्यू घरी झाला असेल तर शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांनी 4-अ फॉर्मवर कारण लिहून द्यायचं असतं, दवाखान्यात झाला तर फॉर्म 4. काका बाजूला उभे राहून एवढंच म्हणाले, आधार समोर ठेवून नाव लिहा, वडिलांचं, आडनावाचं, एकही अक्षर बदलू देऊ नका. तेव्हा डोक्यात नाही शिरलं. पण नंतर बँक आणि पेन्शनचं करताना समजलं, आमच्या ओळखीतले एक जण एका वेलांटीपायी सात महिने चकरा मारून राहिले आहेत. घाटावरची पावती जपून ठेवायची हेही त्यांनीच सांगितलं, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. झोन ऑफिसात आमचं काम त्यामुळे अडलं नाही.

गंगाबाई घाटावर ते शेवटपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी राख सावडायच्या वेळीही हजर, अस्थी घेऊन रामटेकला अंबाळा तलावावर जा, भटजींना मी सांगून ठेवतो म्हणाले. पैशाचं काढलं की "तेरवी होऊ द्या."

तेरवीनंतर मी पैसे द्यायला दुकानात गेलो. त्यांच्या मुलानं सांगितलं, 2021 च्या एप्रिलमध्ये घाटांवर रांगा लागल्या होत्या तेव्हाही त्याच्या बाबांनी शटर एक दिवस पाडलं नाही, ज्यांच्या घरचं कोणी येऊ शकत नव्हतं त्यांच्यासाठी मडकं आणि हार नेऊन ठेवायचे, कोणाचं नाव न विचारता. काका मधेच उठून सुतळी गुंडाळायला लागले. मी निघालो तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, कारण त्या दुकानातून कोणी "येतो" म्हणत नाही आणि दुकानदारही "या" म्हणत नाही. तीन पिढ्या आमच्या मोहल्ल्याला या घरानं सांभाळलं आणि आम्ही त्यांना साधं पुन्हा या म्हणू शकत नाही, हे मला फार लागलं.

मंडळात विषय काढला, गणपतीत काकांचा सत्कार करू. सगळे हो म्हणाले, काकाच नाही म्हणाले. "शुभ कार्यात आम्हाला कोण बोलावते भाऊ, लोकांना आवडत नाही." मी दोनदा गेलो, नाहीच. तिसऱ्यांदा आई स्वतः गेली. म्हणाली, "भाऊजी, मला पण आता कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. आपण दोघं पहिल्या रांगेत बसू, पाहू कोण उठवते."

आले. पांढरा शर्ट इस्त्री करून, सोबत मुलगा आणि सून. शाल-श्रीफळ दिलं, आरती त्यांच्या हातून केली, दोन-चार जण बोलले, एका बाईला मधेच रडू आलं आणि ती तशीच खाली बसली. नंतर काका आमच्या घरी चहाला थांबले, त्याच अंगणात. निघताना आई दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "या बरं का."

काका उंबऱ्यापाशी थांबले, शाल हातात तशीच. मग म्हणाले, "येतो वहिनी."